खिडकीबाहेरची बोट

बेंगळुरूत राहणाऱ्या गृहिणीने समुद्राविषयी लिहावे, हे वाचकांना थोडे विचित्र वाटेल. आमचे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर, पठारावर वसलेले. गावातून वाहणारी मोठी नदी नाही. पिण्याचे पाणीदेखील कावेरीतून, सुमारे १०० किलोमीटर अंतरावरून चढवून आणावे लागते. जलविहाराची हौस आलीच तर अलसूरच्या तळ्याकाठी जाऊन उभे राहावे. अशा गावात, मल्लेश्वरममधील एका जुन्या घराच्या ओसरीवर, जहाजावरील आपली खोली नेमकी कोणत्या जागी असावी या एका प्रश्नावर आमच्या कुटुंबाने चांगले चार महिने घालविले. ही हकीकत २०१८ सालच्या पावसाळ्यापासून पुढच्या माघापर्यंतची आहे.

निमित्त होते सासूबाई आणि मामंजी यांच्या लग्नाच्या सुवर्णमहोत्सवाचे. मामंजींना आम्ही सारे अण्णा म्हणतो. ते मूळचे अलिबागकडचे. १९६२ साली, तेवीस वर्षांचे असताना, एचएमटीच्या घड्याळांच्या कारखान्यात नोकरीस लागले आणि बेंगळुरूचेच होऊन गेले. तो कारखाना आता राहिला नाही. २०१६ साली सरकारने घड्याळांचा तो उद्योग बंद करण्याचा निर्णय घेतला, तेव्हा अण्णा दोन दिवस कोणाशी बोलले नव्हते. सासूबाई मालवणच्या. सहा वर्षांच्या असल्यापासून लग्न होईपर्यंत मुंबईला मामाकडे त्या आगबोटीने जात-येत. मुलांनी त्यांना विचारले, "आजी, पन्नास वर्षे झाली, तुला काय हवे ते माग." साडी, पाटल्या, काशीयात्रा यांपैकी काहीतरी येईल अशी आमची अटकळ. सासूबाई म्हणाल्या, "मला एकदा बोटीत झोपायचे आहे. खाली डेकवर नव्हे. खोलीत, खिडकीशी."

वाचकहो, या मागणीतील नवल कळावयास एक गोष्ट सांगितली पाहिजे. लग्नानंतरच्या पन्नास वर्षांत सासूबाईंनी बोटीत पाऊल ठेवले नव्हते, कारण अण्णा बोटीत बसत नसत. मालवणास जावयाचे तर बेळगाव गाठून, घाट उतरून, मोटारीने. मुंबईहून अलिबागेस स्वतःच्या घरी जावयाचे, तेही पनवेल-पेणच्या वळशाने. रेवसच्या लाँचने तास-दीड तासात जाता येत असे, तरी ते अर्धा दिवस रस्त्यात घालवीत. कारण घरात सर्वांना ठाऊक होते आणि म्हणूनच कोणी ते बोलत नसे.

म्हणून अण्णा या बेताला नकार देतील हे आम्ही धरूनच चाललो होतो. ते वर्तमानपत्र बाजूला ठेवून म्हणाले, "जाऊ. पण मुंबईच्या पाण्यात नको."

त्याच ऑक्टोबरमध्ये मुंबई ते गोवा 'आंग्रिया' नावाचे प्रवासी जहाज सुरू झाले. जपानमधून आणलेले, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचे. ती सेवा पुढे फार काळ टिकली नाही, पण तेव्हा वर्तमानपत्रांत तिचेच कौतुक होते. सासूबाईंचा जीव तिच्यात अडकला होता, कारण ते जहाज त्यांच्याच किनाऱ्यावरून जाणार होते. परंतु मुंबईच्या बंदरातून बाहेर पडणे आले, म्हणजे काश्याच्या खडकाची दिशा आली. सासूबाईंनी तो विषय एका वाक्यात मिटविला, "दर्या सगळीकडे सारखाच खारट." मग सिंगापूरहून सुटून पिनांग आणि फुकेत पाहून परत येणारे एक जहाज ठरले. ते नवे होते, जलावतरण होऊन फार दिवस झाले नव्हते. त्याचे नाव मी येथे लिहीत नाही. पुढे थोडी तक्रार यावयाची आहे.

आता खोलीचा प्रश्न. जहाजावरील खोली म्हणजे खोली, ती कोठेही असली तरी एकच, अशी माझी भाबडी समजूत होती. धाकट्या लेकीने जहाजाचे मजलेवार नकाशे छापून आणले आणि जेवणाच्या टेबलावर पसरले, तेव्हा माझे डोळे उघडले. चौदा-पंधरा मजले, प्रत्येक मजल्यावर पेटीतल्या काडेपेट्यांसारख्या शेकडो खोल्या, आतल्या बाजूच्या, खिडकीच्या, सज्जाच्या, आणि सर्वांत वर, टोकांना, प्रशस्त दालने. या दालनांना तेथे 'स्वीट' म्हणतात. सासूबाईंना तो शब्द फार आवडला; गोड खोली, असे त्या म्हणत.

आम्ही बेंगळुरूची माणसे. न बांधलेल्या घराचा नकाशा पाहून आयुष्याची पुंजी ओतण्याची आम्हांस सवय आहे. सर्जापूर रस्त्यावर आमच्या थोरल्या मुलाने सदनिका घेतली ती कागदावरच पाहून. नकाशात खिडकीसमोर हिरवा रंग होता, प्रत्यक्षात तेथे रोहित्र निघाले. तेव्हापासून आमच्या घरात नकाशा वाचताना खोलीच्या आत काय आहे ते शेवटी पाहतात. वर काय, खाली काय, भिंतीपलीकडे काय, हे आधी. जहाजालाही हाच नियम लागू पडतो, हे पाहून मला मोठी मौज वाटली. ज्या खोलीच्या वरही खोल्या आणि खालीही खोल्या, ती शांत. वर पोहण्याचा तलाव असेल तर पहाटे खुर्च्या सरकविण्याचा आवाज. खाली नाट्यगृह किंवा नाचघर असेल तर मध्यरात्रीपर्यंत ढोल. नकाशात जेथे काहीच न लिहिता पांढरी जागा सोडलेली असते तेथे बहुधा नोकरवर्गाची कोठारे किंवा स्वयंपाकघराची मागची बाजू. उद्वाहनाच्या अगदी समोर नको, पण वृद्ध माणसांना फार दूरही नको. पुढच्या टोकास खालच्या मजल्यावर नांगराची साखळी सुटताना अशी खडखडते की गजराच्या घड्याळाची गरज उरत नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हेलकावे. मी तीस वर्षे शाळेत गणित शिकविले, तेव्हा हा भाग मला मनापासून रुचला. जहाज लाटांवर पुढे-मागे झुलते ते लहान मुलांच्या 'सी-सॉ'सारखे. मध्यावर बसलेल्याला जवळजवळ काही जाणवत नाही, टोकावरचा मात्र वर-खाली होत राहतो. डावी-उजवीकडे कलते तेव्हा जितके उंच जावे तितका झोला मोठा. म्हणजे मध्यभागी आणि खाली, पाण्याच्या जवळ, ही सर्वांत स्थिर जागा. नव्या जहाजांना कुशीतून बाहेर येणारे पंख असतात. त्यांनी बाजूचे कलणे पुष्कळ कमी होते, पुढे-मागे होणारे मात्र त्यांनी थांबत नाही. आपल्या भाषेत या त्रासाला 'बोट लागणे' असा फार नेमका शब्द आहे. तो ज्याने घडविला त्याने कोकणच्या बोटीतून नक्की प्रवास केलेला असावा.

या साऱ्या विचारात एक विसंगती आपल्या ध्यानात आली असेल. सर्वांत महाग दालने सर्वांत वर आणि टोकांना असतात. म्हणजे जेथे पैसे अधिक, तेथे हेलकावेही अधिक. माणूस पैसे मोजतो ते दृश्यासाठी आणि सज्जाच्या लांबीसाठी, पोटातील स्वास्थ्यासाठी नव्हे.

जागा निवडण्याचे हे वेड काही आजचे नव्हे. इंग्रज लोक पी अँड ओ कंपनीच्या जहाजांनी हिंदुस्थानात येत तेव्हा तांबड्या समुद्रातला उकाडा चुकविण्यासाठी जाताना डाव्या अंगाची आणि परतताना उजव्या अंगाची खोली मागत, आणि त्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून 'पॉश' हा शब्द झाला, असे सांगतात. गोष्ट सुरेख आहे; पण तसा शिक्का मारलेले एकही तिकीट आजवर कोणास सापडलेले नाही. येताना डावे अंग उत्तरेकडे, म्हणजे सावलीकडे, राहते एवढे मात्र खरे. सासूबाईंना ही गोष्ट सांगितली तेव्हा त्या हसल्या. त्यांच्या वेळी तिकिटावर जागा नसेच. मालवणच्या बंदरातून पडाव आगबोटीला लागला की मामा आधी शिडी चढे आणि वळकटी डेकवर फेकून देई. ती जेथे उलगडली ती आपली जागा. यंत्राजवळ ऊब असे पण तेलाचा वास. कडेला वारा असे पण पाण्याचे तुषार. संडासाजवळची जागा शेवटच्या बंदराच्या लोकांना. विजयदुर्ग, जैतापूर, रत्नागिरी करीत बोट जाई तसतशी गर्दी वाढे आणि ज्याने आधी वळकटी टाकली तो राजा. "तेव्हापासून मला वाटायचे," त्या म्हणाल्या, "वर त्या पांढऱ्या दारांच्या खोल्या आहेत, त्यांत कोण झोपते?"

हे ऐकल्यावर मुलांनी ठरवून टाकले की आजीला दालनच घ्यावयाचे. तेही मागच्या टोकाचे, अकराव्या मजल्यावरचे, ज्याच्या सज्जातून जहाजाने पाण्यावर ओढलेली पांढरी रेघ दिसते. मी हेलकाव्यांचे गणित मांडून पाहिले. कोणी ऐकले नाही. आमचे हे म्हणाले, "पन्नास वर्षांतून एकदा." त्यापुढे गणित चालत नाही.

अण्णा इतका वेळ गप्प होते. घड्याळांच्या कारखान्यात आयुष्य गेलेले. नकाशा हा त्यांच्या हातातला विषय. त्यांनी डोळ्याला लावावयाचे ते जुने भिंग काढले, एकेक मजल्याचा कागद उजेडाकडे धरून पाहिला आणि विचारले, "बोटी कोठे आहेत?"

आम्हांला क्षणभर कळले नाही. लेक म्हणाली, "अण्णा, हीच बोट."

"ही नव्हे. जीव वाचवायच्या."

वाचकहो, आता ते सांगावयास हवे. १७ जुलै १९४७, आषाढातली अमावास्या, दिव्यांची अवस. स्वातंत्र्य एका महिन्यावर आले होते. त्या सकाळी आठच्या सुमारास 'रामदास' बोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. सण म्हणून घरी निघालेले चाकरमानी, बाजारहाट करून परतणाऱ्या कोळणी, व्यापारी, मुलेबाळे. वादळी पाऊस, उसळलेला समुद्र. काश्याच्या खडकाजवळ लाटांच्या तडाख्यात ती कलंडली आणि पाहता पाहता बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. ज्यांना पोहता येत होते त्यांतले थोडे वाचले. बातमी मुंबईस पोहोचावयासच कित्येक तास लागले. अण्णांचे थोरले बंधू, वय वर्षे सोळा, गिरगावात मामाकडे शिकावयास होते. सणाला येतो असे पत्र त्यांनी पाठविले होते. आठ वर्षांचे अण्णा रेवसच्या धक्क्यावर त्यांना आणावयास गेले होते, बरोबर घरचा गडी होता. संध्याकाळपर्यंत ते तेथे बसून राहिले. पुढचे मी कधी विचारले नाही, आणि त्यांनी सांगितले नाही.

लेकीने नकाशावर बोट ठेवून दाखविले. जहाजाच्या मधल्या भागात, दोन्ही कुशींना, नारिंगी-पांढऱ्या बोटी ओळीने टांगलेल्या असतात. त्यांच्या मागच्या खोल्या स्वस्त असतात, कारण खिडकीतून समुद्राऐवजी बोटीचे पोट दिसते. नकाशात त्यांच्यापुढे 'दृश्यास अडथळा' अशी खूण असते. जाणकार मंडळी सर्वप्रथम हीच खोली टाळावयास सांगतात. आम्हीही तो सबंध मजला आधीच फुली मारून वगळला होता.

अण्णांनी त्याच ओळीतील एका खोलीवर पेन्सिलीने गोल केला. "ही."

घरात बराच वाद झाला. तोही सौम्यच, कारण अण्णांशी चढ्या आवाजात बोलण्याचा प्रघात आमच्याकडे नाही. मुलाने समजाविले की १९१२ मध्ये 'टायटॅनिक' बुडाल्यानंतर, १९१४ साली लंडनमध्ये राष्ट्रांनी मिळून सुरक्षिततेचे नियम केले आणि पुढे ते कडक होत गेले. आता बोटीत सर्वांना जागा असते. २०१२ मध्ये इटलीजवळ 'कोस्टा काँकॉर्डिया' खडकावर आपटले तेव्हा ३२ माणसे गेली. त्या जहाजावर त्याच संध्याकाळी चढलेल्या प्रवाशांची कवायत व्हावयाचीच होती. म्हणून २०१५ पासून नियमच झाला की जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणी कवायत झाली पाहिजे. हे सारे खरे होते. मलाही एक खरी गोष्ट सांगावयाची होती आणि ती सांगावी की नाही याचा मी दोन दिवस विचार केला. खोलीसमोर जी बोट असते तिच्यात त्या खोलीतील माणसांना बसावयाचे असेलच असे नाही. प्रत्येकाची जमण्याची जागा नेमून दिलेली असते, ती जहाजाच्या दुसऱ्या टोकासही असू शकते; आणि मधल्या मजल्यावरची खिडकी तर उघडतही नाही. म्हणजे अण्णांच्या निवडीने सुरक्षितता तसूभरही वाढत नव्हती. शेवटी मी सांगितलेच. एवढ्या काटेकोर माणसाला चुकीच्या समजुतीवर प्रवासास नेणे मला बरे वाटले नाही.

अण्णा म्हणाले, "ठाऊक आहे, सूनबाई. नियम वाचले मी. तिच्यात मला बसावयाचे नाही. रात्री जाग आली तर ती दिसावयास हवी."

प्रश्न राहिला सासूबाईंचा. ज्यांनी आयुष्यभर खिडकीशी झोपण्याची वाट पाहिली, त्यांच्या खिडकीत आता बोटीचे पोट येणार होते. मी त्यांना स्वयंपाकघरात गाठले. त्या आमसुलाचे सार ढवळीत होत्या. म्हणाल्या, "दर्या खंय जाता गो? वर डेकवर जाईन नि बघेन. ते बोटीत पाय ठेवतायत, त्याचे मला अधिक." आणि थोड्या वेळाने, "बोटीच्या वरून थोडे तरी दिसेल ना?" नकाशावरून ते कळण्याजोगे नव्हते. मी सांगितले, दिसेल.

जागा ठरली, पण ती पक्की करणे हा वेगळाच अध्याय. सुदैवाने ती खोली मध्यभागी होती, वर-खाली खोल्याच होत्या, आणि दालनाच्या तिसरा हिस्सा भाड्यात मिळत होती. शेजारची दुसरी आमच्यासाठी. शहरातील एका प्रवास संस्थेकडे आम्ही पैसे भरले, खोल्यांचे क्रमांक लिहून दिले, पावती घेतली. पंधरा दिवसांनी कागद आले. क्रमांकाच्या जागी तीन इंग्रजी अक्षरे होती: जीटीवाय. मी विचारले तेव्हा तेथील तरुण म्हणाला, "मॅडम, गॅरंटी." हमी म्हटल्यावर कोणीही निश्चिंत होईल. मीही घरी आले. रात्री लेकीने सांगितले की या धंद्यात हमीचा अर्थ नेमका उलटा: अमुक एका वर्गाची खोली मिळेल एवढीच हमी, कोणती, ते कंपनी शेवटी ठरविणार. त्या वर्गाची किंवा त्याहून वरची.

वाचकांपैकी कोणी असा प्रवास योजीत असतील तर एवढे अवश्य करावे: पैसे भरण्यापूर्वी मजला आणि क्रमांक कागदावर छापलेला आहे की नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. तोंडी आश्वासन कितीही गोड असले तरी ते वळकटीचे काम करीत नाही.

पुढचा महिना मी त्या कार्यालयाच्या पायऱ्या झिजविल्या. आणि मग एके दिवशी त्या तरुणाचा आनंदाने भरलेला फोन आला. आमचे भाग्य उघडले होते. कंपनीने आपण होऊन आम्हांस वरच्या वर्गात चढविले होते. एकही रुपया अधिक न घेता आई-अण्णांना मागच्या टोकाचे दालन, सज्जासहित! मुलांनी आधी जे निवडले होते त्याच्या शेजारचेच. घरातील तरुण मंडळींना हर्ष झाला. अण्णांनी कागद पाहिला, घडी घातली, "छान आहे" म्हणाले आणि फिरावयास गेले. त्या दिवशी ते सँकी तलावाला नेहमीच्या दोन फेऱ्यांऐवजी चार फेऱ्या घालून आले. रात्री जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि हे, दोघेही त्या कार्यालयात गेलो. फुकट मिळालेले दालन नको, दृश्यास अडथळा असलेली खोली हवी, हे त्या तरुणाला समजाविण्यास मला पाऊण तास लागला. त्याने आपल्या साहेबांना बोलाविले. साहेबांना वाटले, आम्हांस भाड्यातील फरक परत हवा आहे. शेवटी ह्यांनी, जे परक्या माणसासमोर घरचे काही बोलत नाहीत, त्यांना १९४७ ची हकीकत थोडक्यात सांगितली. साहेब कानडी, होन्नावरकडचे. शरावतीच्या मुखावर वाढलेले. ते काही बोलले नाहीत. त्यांनी स्वतः सिंगापूरला फोन लावला, तासभर धरून बसले, आणि आमच्या देखत क्रमांक छापून हाती दिला. तीच खोली नव्हती. त्याच ओळीतली, चार दारे पलीकडची. अण्णांनी नकाशा काढून नवा क्रमांक शोधला, भिंगातून पाहिला, जुना गोल खोडला आणि नवा काढला.

प्रवासाविषयी फार लिहीत नाही. विमान, पारपत्रे, प्रवेशपत्रे हे सर्वांच्या परिचयाचे. जहाज सुटण्यापूर्वी कवायत झाली. पुष्कळ लोक कंटाळून उभे होते. अण्णा पहिल्या रांगेत, जाकिटाचे पट्टे त्या बाईंनी दाखविले तसे बांधून, दोनदा सोडून पुन्हा बांधून पाहत होते. मग ते खोलीत गेले. खिडकीबाहेर खरोखरच बोट होती, हात लांबवला तर लागेल इतकी जवळ. तिच्या अंगावर किती माणसांसाठी ते लिहिलेले होते: १५०. अण्णांनी तो आकडा मोठ्याने वाचला. बोटीच्या पाठीवरून समुद्राची हातभर पट्टी दिसत होती. सासूबाईंनी उशी पायांकडच्या बाजूस घेतली. तेथून ती पट्टी अधिक रुंद दिसे, असे त्यांनी शोधून काढले होते.

पहिल्या रात्री मी दोनदा उठून भिंतीला कान लावला. काही ऐकू आले नाही. सकाळी विचारले, तर अण्णा म्हणाले, "एकदा जाग आली. होती ती."

तिसऱ्या दिवशी फुकेतला पातोंगच्या उपसागरात जहाजाने नांगर टाकला. तेथे एवढे मोठे जहाज काठाला लागत नाही. जहाजाच्याच काही बोटी खाली सोडून लोकांना किनाऱ्यावर नेतात. हे आम्हांला ठाऊक होते, पण कोणत्या बोटी ते ठाऊक नव्हते. सकाळी साडेसातला सासूबाईंनी हाक मारली म्हणून मी धावत गेले. खिडकीबाहेरची बोट दोरांवरून हळूहळू खाली उतरत होती. मग ती दिसेनाशी झाली, आणि खिडकीभर समुद्र आला. निळा, वर ऊन पडलेला, पलीकडे डोंगर. सासूबाई दोन्ही तळहात काचेवर टेकवून उभ्या राहिल्या. त्यांनी मागे वळूनही पाहिले नाही.

मी अण्णांकडे पाहिले. ते खुर्ची ओढून त्यांच्याशेजारी बसले होते आणि खाली, पाण्यावर, भरून निघालेल्या त्या बोटीकडे पाहत होते. आम्ही सारे गावात जाऊन आलो. ती दोघे काही आली नाहीत. बोट दिवसभर माणसे घेऊन किनाऱ्याला जात होती आणि परत येत होती. दुपारी मी चहा घेऊन गेले तेव्हा अण्णा म्हणाले, "अकरा फेऱ्या झाल्या." सासूबाईंचा डोळा लागला होता, खिडकीकडे तोंड करून. संध्याकाळी सहाच्या सुमारास बोट पुन्हा वर आली, आकड्यांत अडकली, आणि खिडकीतला समुद्र हातभर उरला. तेव्हा अण्णा उठले, सदऱ्याची बटणे लावली आणि म्हणाले, "चला, जेवायला जाऊ."